लॅपटॉपचे बेणेही पारखूनच घ्यावे
— ऊस विकास अधिकारी

उसाचे बिल खात्यावर जमा झाले आणि कॉलेजच्या प्रवेशाच्या याद्या लागल्या, की आमच्या गट ऑफिसात एक नवाच प्रश्न येऊ लागतो. पूर्वी सभासद विचारीत, "साहेब, यंदा कोणते बेणे लावू?" आता बेण्याचे विचारून झाले, की उठता उठता दुसरे विचारतात, "पोराला लॅपटॉप घ्यायचा म्हणतोय, कोणता घेऊ?" शेतकी खात्याचा आणि लॅपटॉपचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण संबंध आहे. पैसा उसाचा आहे. टनाला तीन हजार रुपये धरले, तर पन्नास हजारांचा लॅपटॉप म्हणजे साडेसोळा टनांहून जास्त ऊस झाला; जवळजवळ एक ट्रकभर. एवढा ऊस काट्यावर यायला वर्ष-दीड वर्ष खपावे लागते, रात्रीच्या लायटीवर पाणी पाजावे लागते. आणि तो पैसा शहरातल्या दुकानात संपायला अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासात आपला सभासद काय बघतो, तर झाकणावरचे नाव, रंग आणि दुकानदाराचे बोलणे. आम्हास हे बरोबर वाटत नाही.

बेणे घेताना आपण असे करतो काय? नाही. कांडी हातात घेतो, डोळा बघतो, बेणेमळा किती महिन्यांचा आहे ते विचारतो. मग जे यंत्र मुलाला किंवा मुलीला चार वर्षे साथ देणार, त्याचीही तशीच पारख का करू नये?

सगळे गुण एका कांडीत नसतात

पहिली गोष्ट ही, की सर्वगुणसंपन्न असे बेणे नसते. को.सी. ६७१ ला साखर लवकर आणि भरपूर. परंतु लाल कूज त्याच्या मागे लागली. फुले २६५ टनेजला चांगला, खारवट जमिनीतही तग धरतो. पण उताऱ्याचे नाव काढले की कारखाने कुरकुर करतात. को ८६०३२ एवढी वर्षे रानात टिकला, तो साखर, वजन आणि खोडवा या तिन्हींचा मेळ घातल्यामुळे. म्हणून आम्ही नेहमी सांगतो, की आधी आपली जमीन बघा, पाणी बघा, मग जात ठरवा.

लॅपटॉपचे नेमके असेच आहे. प्रोसेसर जोरकस घेतला की वीज जास्त लागते, यंत्र तापते, पंखा मोठा लागतो, वजन वाढते आणि बॅटरी लवकर उतरते. यंत्र एकदम पातळ आणि हलके घेतले, तर पुष्कळदा आतली मेमरी बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते, पुढे ती वाढवता येत नाही. किंमत अगदी कमी असली, तर पडदा, कळफलक किंवा बिजागरी यांपैकी कशात तरी काटकसर केलेली असते. एक गुण ओढला की दुसरा सुटतो. यास्तव "सगळ्यात चांगला लॅपटॉप कोणता?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "आपल्या कामाला कोणता गुण आधी आणि कोणता नंतर?" असा प्रश्न विचारावयास हवा.

आमच्या मते हा क्रम असा असावा: आधी काम, मग टिकाऊपणा व दुरुस्तीची सोय, मग मेमरी व साठवण, मग बॅटरी व पडदा, त्यानंतर प्रोसेसरचा आकडा, आणि सर्वांत शेवटी कंपनीचे नाव व दिखाऊपणा. दुकानात हाच क्रम बरोबर उलटा सांगितला जातो, म्हणून हे लिहावे लागत आहे.

काम बघून यंत्र

मुलगा-मुलगी काय शिकणार, हे आधी कागदावर लिहावे. बी.एस्सी. ॲग्री, कला किंवा शिक्षणशास्त्र असेल, तर मुख्य काम टंकलेखन, तक्ते, अहवाल आणि वाचन. त्याला साधे यंत्र पुरते. कॉमर्स असेल आणि टॅली शिकायची असेल, तरी भारी यंत्र नको. मात्र उजवीकडे आकड्यांच्या वेगळ्या कळा असलेला मोठा कळफलक पाहावा, दिवसभर व्हाउचर भरताना त्याची किंमत कळते. मेकॅनिकल किंवा सिव्हिल असेल, तर ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स असले नकाशाचे प्रोग्रॅम चालवायचे असतात. तेथे १६ जीबी मेमरी आणि शक्य तर वेगळे ग्राफिक कार्ड, असा खर्च करणे योग्य. कॉम्प्युटर शाखेलाही १६ जीबी असावी. ॲपलचे यंत्र उत्तम असते याबद्दल वाद नाही, पण टॅली आणि सॉलिडवर्क्स हे दोन्ही विंडोजवर चालणारे आहेत. तेव्हा त्या विद्यार्थ्याने ते घेऊन पुढे अडचण करून घेऊ नये.

आणि एक स्पष्ट बोलतो. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या मुलाला लॅपटॉप लागतोच असे नाही. पुस्तके, वाचनालय आणि हातातला फोन यांवर तो अभ्यास होतो. "सगळ्यांकडे आहे" हे काम नव्हे, ती देखादेखी झाली. शेजाऱ्याने आडसाली लावली म्हणून आपण पाणी नसताना लावतो काय?

शक्य असेल तर प्रवेश झाल्यावर, कॉलेजात चौकशी करून, मग खरेदी करावी. पहिल्या पंधरा दिवसांत लॅपटॉपवाचून कोणाचे शिक्षण अडत नाही.

खोडवा देईल काय?

पदवी तीन-चार वर्षांची असते. म्हणजे यंत्राने लागण तर द्यावीच, पण खोडवा आणि निडवाही द्यावा. पहिल्या वर्षी सगळेच लॅपटॉप पळतात. खरी पारख वॉरंटी संपल्यानंतर होते, आणि वॉरंटी बहुधा एकच वर्षाची असते.

यासाठी दुकानात चार गोष्टी विचाराव्यात. या कंपनीचे सर्व्हिस सेंटर कोणत्या गावात आहे? तालुक्यात की जिल्ह्यात की थेट पुण्यात? घरी येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी असेल, तर आपल्या गावच्या पिनकोडला ती लागू आहे काय? मेमरी वाढवायला आत मोकळा स्लॉट आहे काय? बॅटरी आणि कळफलक बदलून मिळतात काय? ज्या दुकानदाराला याची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्याकडे घाई करू नये.

तसेच साधी वॉरंटी म्हणजे सर्व काही नव्हे. चहा सांडला, पडदा फुटला, एस.टी.त चढता-उतरता हातून पडला, हे साध्या वॉरंटीत येत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलासाठी आम्ही ते घेण्याचाच सल्ला देऊ; चार हजारांची सवलत सोडावी लागली तरी चालेल. बिल पक्के जी.एस.टी.चे घ्यावे आणि त्यावर यंत्राचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. तोच नंबर कंपनीच्या वेबसाइटवर घालून वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत आहे, ते दुकानातच बघता येते. काट्यावर वजन झाल्यावर आपण पावती घेतोच ना, तसे.

झाकण दोन-चार वेळा उघडून-मिटून बघावे. बिजागरी करकरत असेल किंवा एका हाताने उघडताना सगळी पाटी वाकत असेल, तर ते यंत्र चार वर्षे जाणार नाही.

मेमरी आणि साठवण

यंत्र रखडते ते पुष्कळदा मेमरी कमी पडल्याने. ४ जीबी मेमरीवर विंडोज ११ सुरू होते खरे, पण एक तक्ता, एक अहवाल आणि ऑनलाइन वर्ग एकदम उघडला की बैल चिखलात रुतल्यासारखे होते. ८ जीबी ही किमान समजावी. पैसे थोडे जास्त असतील, तर ते झाकणाच्या चकाकीवर न घालता १६ जीबीवर घालावेत. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, म्हणून ८ जीबीचे यंत्र घेऊन पुढे वाढवायचा विचार असेल, तर मोकळा स्लॉट आहे ना, हे पाहणे अधिकच गरजेचे झाले आहे.

साठवणीला एस.एस.डी.च असावी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते. मोटारसायकलवरून, खड्ड्यांतून नेताना तिला धक्का बसतो. एस.एस.डी.त फिरणारा भाग नसतो, ती वेगवान असते आणि हादरे सोसते. साधारण विद्यार्थ्याला ५१२ जीबी पुष्कळ झाली. फार स्वस्त यंत्रांत ६४ जीबीची 'ईएमएमसी' नावाची साठवण असते. ती एस.एस.डी. नव्हे. ती संथ असते, बोर्डालाच डाग दिलेली असते आणि विंडोजचे एक-दोन अपडेट आले की भरून जाते. 'एवढ्या कमी किमतीत नवा लॅपटॉप' अशी जाहिरात दिसली, की आधी हे विचारावे.

आपल्या गावची वीज आणि ऊन

यंत्राचे गुण तयार होतात शहरातल्या वातानुकूलित खोलीत. वापर होतो आपल्या वस्तीवर. २००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात येथील शाळेत 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या योजनेची छोटी हिरवी यंत्रे आली. भारतात या योजनेची सुरुवात तेथूनच झाली. त्या यंत्राची शक्ती मामुली होती. पण पडदा उन्हातही वाचता येत असे, कळफलक रबरी आवरणाने बंद केलेला असल्याने धूळ-पाणी आत जात नसे आणि वीज अगदी थोडी लागे. त्या योजनेचे पुढे काय झाले हा निराळा विषय. परंतु ज्याने ते यंत्र बनवले, त्याने मूल कोठे बसून शिकणार हे आधी विचारले होते. आपणही तेच विचारले पाहिजे.

वस्तीवर वीज जाते-येते, म्हणून बॅटरी बघावी. दुकानदार 'दहा तास चालते' म्हणेल. त्यापेक्षा बॅटरीचे वॉट-तास विचारावेत, ते खोक्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेले असतात. साध्या लिखा-वाचीच्या कामाला यंत्र दहा वॉट घेते असे धरले, तर ५० वॉट-तासांची बॅटरी पाच तास जाईल, ४० ची चार तास. हिशेब सोपा आहे. बॅटरी ही खपणारी वस्तू आहे, दोन-तीन वर्षांत तिची ताकद कमी होणारच. म्हणून सुरुवातीसच थोडी मोठी असावी आणि बदलून मिळणारी असावी. पुष्कळ यंत्रांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती चालू ठेवल्यास आयुष्य वाढते.

बहुतेक लॅपटॉप ३५ अंश तापमानापर्यंत वापरण्यासाठी बनवलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली काय होते, ते सांगायला नको. गादीवर किंवा पोत्यावर ठेवून चालवले, की खालची हवेची भोके बंद होतात. खाली लाकडी पाट ठेवावा. भुसा-पाचटाची धूळ पंख्यात बसते, ती वर्षातून एकदा साफ करून घ्यावी. व्होल्टेज वर-खाली होत असेल, तर बोर्डाला अर्थिंग नीट आहे का, ते पाहावे. पंपाच्या स्टार्टरची आपण जेवढी काळजी घेतो, तेवढी पुरे.

पडदा १९२० बाय १०८० चा घ्यावा. १३६६ बाय ७६८ चा जुना प्रकार स्वस्तातल्या यंत्रांत अजून दिसतो. त्यावर मोठा तक्ता मावत नाही आणि डोळे शिणतात. पडदा बाजूने बघितल्यावर रंग काळवंडू नयेत. हे दुकानात उभ्या उभ्या कळते.

नाव मोठे, पिढी जुनी

"आय ७ च घ्या, आय ५ नको," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. हे म्हणजे बेण्याचे नुसते नाव सांगून वय न सांगण्यासारखे झाले. इंटेलच्या जुन्या नावांत पुढच्या आकड्यावरून पिढी कळते: 'आय ५ - ८२५०' म्हणजे आठवी पिढी, 'आय ३ - १२१५' म्हणजे बारावी. यातला बाराव्या पिढीचा आय ३ हा आठव्या पिढीच्या आय ५ पेक्षा सरस चालतो. नाव लहान, पण बेणे ताजे. २०२३ पासून इंटेलने 'आय' अक्षर सोडून नवी नावे सुरू केली, त्यामुळे गोंधळ आणखी वाढला. एएमडी कंपनीच्या रायझन ७५२० मध्ये पहिला ७ बघून नवे वाटते. परंतु तिसरा आकडा २ सांगतो, की आतला आराखडा २०१९ सालचा आहे. ७५३० मधला ३ त्याच्या पुढचा. अशा वेळी पूर्ण नंबर लिहून आणावा आणि जाणत्या माणसाला दाखवावा. दुकानातच "बघतो आणि सांगतो" म्हणायला लाजू नये.

'एआय लॅपटॉप' म्हणूनही विक्री चालते. विद्यार्थी आज जी एआयची साधने वापरतात, ती बहुतांशी इंटरनेटवरून दूरच्या संगणकांवर चालतात. त्याला या शिक्क्याची गरज नाही. त्या शिक्क्यासाठी जादा पैसे मोजण्याआधी शिक्षकांना विचारावे.

स्वस्त आणि जुना

किंमत हा गुण आहे; पण तो पहिला गुण केला की काय होते, त्याचा दाखला सरकारी आहे. २०११ साली 'आकाश' नावाचा स्वस्त टॅबलेट विद्यार्थ्यांसाठी मोठ्या गाजावाजाने आला. मेमरी अपुरी, बोट जोराने दाबल्याशिवाय न ऐकणारा पडदा आणि लवकर उतरणारी बॅटरी, अशा तक्रारी झाल्या आणि पुढच्याच वर्षी सुधारलेली आवृत्ती आणावी लागली. आधी किंमत ठरवली आणि मग गुण कापत गेले, की असे होते.

तथापि, बजेट कमी असेल तर ऑफिसांतून निघालेला जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप घेण्यास आमची हरकत नाही. ऑफिसच्या कामाची यंत्रे बांध्याने मजबूत असतात आणि त्यांचे भाग मिळतात. मात्र विंडोज १० चा मोफत सांभाळ कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरची लागते. त्याच्या अलीकडचे यंत्र कितीही चकचकीत असले, तरी विंडोजसाठी घेऊ नये. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात. तो काढून दाखव म्हणावे. जुन्या कंपनीचा पासवर्ड किंवा कुलूप आत राहिलेले नाही, याची खात्री करावी. आणि बिल इथेही घ्यावेच.

हप्त्यावर घेताना 'बिनव्याजी' या शब्दाला भुलू नये. रोखीने घेतल्यास किती सवलत मिळते आणि हप्त्यावर प्रक्रिया शुल्क किती, हे दोन्ही मिळवले की खरे व्याज उघडे पडते.

मुलीचा लॅपटॉप

आणखी एक गोष्ट, थोडी कडू आहे. पुष्कळ घरांत मुलाला नवा लॅपटॉप आणि मुलीला "फोनवर भागव" असे चालते. फोनवर व्याख्यान ऐकता येते. प्रकल्पाचा अहवाल लिहिता येत नाही, टॅली शिकता येत नाही, नकाशा काढता येत नाही. एकाच उसाच्या बिलातून एकाला सव्वा लाखाचा खेळाचा लॅपटॉप घेण्यापेक्षा दोघांना कामाचे दोन साधे लॅपटॉप घेतले, तर घर पुढे जाईल. सातबाऱ्यावर मुलीचे नाव लागते, तसे बिलावरही एकदा लागू द्या.

सहकाराने घेता येईल

शेवटी एक सूचना. आपण खत, बेणे, औषधे एकत्र घेतो, कारण एकट्याला भाव मिळत नाही आणि एकट्याची तक्रार कोणी ऐकत नाही. लॅपटॉपची खरेदीही तशी का होऊ नये? ज्या सभासदांच्या मुलांना यंदा यंत्र हवे आहे, त्यांनी गट ऑफिसात नाव आणि अभ्यासक्रम नोंदवावा. नोंदी पुरेशा झाल्या, तर संचालक मंडळापुढे हा विषय ठेवण्याची विनंती आम्ही करू. एकत्र मागणी असली, की किमान ८ जीबी मेमरी, मोकळा स्लॉट, तीन वर्षांची वॉरंटी आणि तालुक्याच्या गावी दुरुस्ती, अशा अटी लेखी घालता येतील. एकट्या माणसाला या अटी कोण मान्य करणार? आमचा आग्रह कोणत्याही कंपनीसाठी नाही, अटींसाठी आहे.

तोपर्यंत ज्यांना घाई आहे, त्यांनी दुकानात जाताना मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे आणि वरच्या क्रमाचा कागदही न्यावा. कळफलकावर दोन ओळी मराठीत टाइप करून बघाव्यात, यंत्र हातात उचलून वजन बघावे, आणि मगच पैसे मोजावेत.